हिरवळीवरच्या पायऱ्या

एखादी वस्तु सपाट आहे कीं कललेली आहे हें ठरविण्यास आपला डोळा पुरेसा आहे असें आपण सर्वजण गृहीत धरून चालतों. भिंतीवरची तसबीर तिरपी लागली तर घरांतलें लहान मूलही तें ओळखतें. गवंडी मात्र डोळ्यावर विसंबत नाहीं. तो ओळंबा सोडतो, पाणसळ लावून पाहतो आणि मगच पुढची वीट बसवितो. कारण डोळा नेहमीं शेजारच्या वस्तूशीं ताडून निर्णय देतो, आणि शेजारचीच वस्तु कललेली असली तर सरळ असेल तेंच वांकडें भासतें, हें त्याला धंद्यानें शिकविलेलें असतें. कशाच्या मानानें सपाट, हा प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा. परंतु त्याच्या उत्तरावर एका वृद्ध गृहस्थाचें स्वतःच्या घरांत राहणें वा न राहणें अवलंबून असावें, असा प्रसंग गेल्या उन्हाळ्यांत आमच्या पाहण्यांत आला. प्रसंग घडला अमेरिकेंतील ओहायो राज्यांत, आणि त्याचें निमित्त होतें गवत कापण्याचें एक यंत्र.

ज्यांचीं मुलेंबाळें अमेरिकेंत आहेत त्यांना तेथील घरापुढच्या हिरवळीचें माहात्म्य सांगावयास नको. इतरांसाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. तेथें बहुतेक घरांना पुढल्या अंगास कुंपण नसतें. एकाची हिरवळ संपून दुसऱ्याची कोठें सुरू झाली हें गवताच्या उंचीवरूनच काय तें कळतें. त्यामुळें हिरवळ राखणें ही घरधन्याची खासगी हौस न राहतां तें शेजारधर्माचें एक कलम होऊन बसलें आहे. गवत अमुक इंचांपलीकडे वाढूं दिल्यास दंड करण्याचा नियम पुष्कळ गांवांत आहे. क्रिस्टिना मिलेसी आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें, बागा व क्रीडांगणें धरून, त्या देशांत सुमारें १,६३,८०० चौरस किलोमीटर जमीन हिरवळीखालीं आहे. आपल्या महाराष्ट्राचें क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. म्हणजे अर्ध्याहून अधिक महाराष्ट्र झांकला जाईल एवढें गवत तेथें पुनःपुन्हां कापलें जातें, आणि त्यांतलें बहुतेक कोणत्याही जनावराच्या मुखीं लागत नाहीं! थॉर्स्टाइन व्हेब्लेन ह्या अर्थशास्त्रज्ञानें १८९९ सालच्या आपल्या ग्रंथांत ह्याची मार्मिक मीमांसा केली आहे. हिरवळ हें मूळचें गायरानच. गाय सोडली तर ती चरून आपोआप राखली जाईल. परंतु गाय म्हटली कीं काटकसर आली, उपयुक्तता आली, आणि श्रीमंतीला ती शोभत नाहीं. म्हणून गाय हांकलून द्यावयाची आणि तिचें काम पैसे मोजून करून घ्यावयाचें. दारांत गाय बांधलेल्या घरांत आमचें बालपण गेलें असल्यामुळें व्हेब्लेनचें हें म्हणणें आम्हांस एका वाचनांतच पटलें होतें.

ह्या यंत्राचा जन्म मात्र अमेरिकेंतला नव्हे. इंग्लंडांत ग्लॉस्टरशायर परगण्यांतील स्ट्राउड गांवाजवळ एडविन बडिंग नांवाचा एक कारागीर होता. लोकरी कापडावरची लव एकसारखी कातरण्याचें यंत्र पाहून त्याला हिरवळ कातरण्याची युक्ति सुचली, आणि १८३० सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें. पुढें मोठीं यंत्रें घोड्यांकडून ओढवूं लागले, तेव्हां खुरांच्या खुणा उमटूं नयेत म्हणून घोड्यांच्या पायांत चामड्याचे बूट चढवीत असत. कापडावरची लव आणि जमिनीवरचें गवत ह्यांत बडिंगला जें साम्य दिसलें तें आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. दोन्हीकडे आंखूडपणापेक्षां सारखेपणाचीच मातब्बरी अधिक. गवत अडीच इंचांवर कापा कीं साडेतीन इंचांवर कापा, पाहणाराला त्याचें सुखदुःख नाहीं. परंतु त्यांत अर्ध्या इंचाचा उंचसखलपणा राहिला तर तो रस्त्यावरून जाणाऱ्यास दिसतो.

सध्यांचें स्वारीचें यंत्र म्हणजे एक लहानसा ट्रॅक्टरच होय. माणूस त्यावर बसतो, आणि त्याच्या खालीं, पुढच्या व मागच्या चाकांच्या मधोमध, पत्र्याचें एक रुंद आवरण टांगलेलें असतें. तिकडे त्यास डेक म्हणतात. आमची अक्का त्याला परात म्हणते. आणि पालथ्या परातीशीं त्याचें इतकें साम्य आहे कीं, आम्हीही येथें तोच शब्द चालवितों. ह्या परातीखालीं दोन पातीं आडवीं फिरतात. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटास १९,००० फुटांहून अधिक असूं नये अशी तिकडील मानकाची मर्यादा आहे, आणि हा वेग ताशीं साडेतीनशें किलोमीटरच्या जवळ जातो. म्हणूनच पातीं फिरत असतां स्वार आसनावरून उठला कीं यंत्र आपोआप बंद पडावें अशी त्यांत योजना असते. परात सांगाड्यास घट्ट जडविलेली नसते. ती वरखालीं करतां यावी म्हणून दांड्यांनीं व कड्यांनीं, पाळण्यासारखी, लोंबत ठेवलेली असते. आणि पाळण्याची एक कडी उतरली म्हणजे तो जसा एका अंगास झुकतो, तशी ही परातही झुकते.

आतां मूळ प्रसंगाकडे वळूं. अक्का आमच्याहून तेरा वर्षांनीं वडील. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, आज शहात्तर वर्षांचे आहेत. पुण्यास इंजिनियरिंगची पदवी घेऊन १९७४ सालीं ते अमेरिकेंत गेले, आणि रस्ते व पूल ह्यांच्या कामांत त्यांचें आयुष्य गेलें. कोलंबस शहराच्या उत्तरेस त्यांचें घर आहे; सभोंवतीं पाऊण एकर हिरवळ. दर शनिवारीं सकाळीं दंव वाळलें कीं दाजी यंत्रावर बसतात आणि बाहेरच्या कडेपासून आंत आंत, प्रदक्षिणा घातल्यासारखे, फेरे घेत सव्वा तासांत काम उरकतात. गेल्या वर्षींच्या वसंतांत ह्या हिरवळीवर पायऱ्या दिसूं लागल्या. एक पट्टा उंच कडेनें संपे, तों लगतचा पट्टा ठेंगण्या कडेनें सुरू होई. सकाळसंध्याकाळ कलत्या उन्हांत प्रत्येक पायरीची सांवली पडे, आणि सारी हिरवळ नदीच्या घाटासारखी दिसे.

मे महिन्याच्या अखेरच्या सुटींत आमचा भाचा आईवडिलांस भेटावयास आला. त्यानें हिरवळ पाहिली. जेवतांना तो कांहीं बोलला नाहीं, पण रात्रीं आम्हांस बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, बाबांचा हात आतां पूर्वीचा राहिला नाहीं. तुम्ही बाहेर पाहिलेंत ना? हें यंत्र विकून टाकावें आणि गवताचें काम ठेकेदाराला द्यावें. खरें म्हणजे एवढें घर तरी त्यांना कशाला हवें? माझ्याजवळ दोन खोल्यांची जागा पाहून ठेवली आहे." त्याच्या बोलण्यांत कोरडेपणा नव्हता. चहाचा पेला उचलतांना दाजींचीं बोटें कांपतात हें त्यानें पाहिलें होतें; आम्हींही पाहिलें होतें. हिरवळीवरच्या पायऱ्या त्याला त्या कंपाचा जमिनीवर उमटलेला लेख वाटल्या. आम्ही गेलीं तीस वर्षें तर्कशास्त्र शिकवीत आहों. कार्यावरून कारणाचें अनुमान करतांना अगोदरच मनांत असलेलें कारण किती चटकन पुढें येऊन उभें राहतें हें विद्यार्थ्यांस सांगतांना आम्हांला ह्याहून बोलकें उदाहरण मिळालें नसतें. परंतु तो भाचा होता आणि चिंतेनें बोलत होता, म्हणून आम्ही एवढेंच म्हणालों, "तूं दाजींना विचारलेंस का?"

त्यानें विचारलें नव्हतें; पण दाजींच्या कानावर तें गेलेंच. घर लहान नसलें तरी भिंती लाकडाच्या आहेत. भाचा परतला त्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं दाजी आम्हांस हिरवळीच्या मधोमध घेऊन गेले आणि काठीनें एक पायरी दाखवून म्हणाले, "हात कांपला तर काय होईल, सांगा पाहूं. यंत्र नागमोडी चालेल. दोन पट्ट्यांच्या मध्यें कोठें कोठें गवत कापावयाचें राहील, त्याच्या शेंड्या दिसतील. येथें तुम्हांला एक तरी शेंडी दिसते का?" आम्हीं वांकून पाहिलें, शेंडी एकही नव्हती. पट्टे दोरी लावल्यासारखे सरळ होते. "गवताची उंची हात ठरवीत नाहीं, प्रोफेसर. ती परात ठरवते. परात डावीकडे कलली आहे."

एवढ्यावर ते थांबते तर तो एक वकिली मुद्दा झाला असता. पण दाजींनीं आपलें म्हणणें कसाला लावण्याची तयारी केली होती. नेहमीं प्रदक्षिणेनें फिरतां यंत्राची एकच बाजू सदैव आंत येते. म्हणून परात कललेली असली तर एका पट्ट्याच्या उंच कडेला पुढच्या पट्ट्याची ठेंगणी कड भिडते, आणि पायरी उत्पन्न होते. परंतु शेतांत नांगर जसा जाऊन उलटा परततो तसें यंत्र फिरविलें तर काय होईल? जातांना जी कड उजवीकडे होती तिच्याशेजारीं परततांनाही उजवीच कड येईल. उंचाशेजारीं उंच, ठेंगण्याशेजारीं ठेंगणें. पायरी नाहींशी होईल आणि तिच्या जागीं लाट दिसेल. "लाट दिसली तर दोष परातीचा," दाजी म्हणाले, "आणि न दिसली तर तुमच्या भाच्याला फोन करून जागा नक्की करावयास सांगा." त्यांनीं हें हंसत म्हटलें, अक्का मात्र हंसली नाहीं.

घरामागें ओढ्याच्या बाजूला एक लांबट तुकडा आहे. त्यावर दाजींनीं जाऊनयेऊन सहा पट्टे कापले. खालीं उतरून आम्ही तिघेंही गुडघ्यावर बसलों आणि गवताच्या शेंड्यांशीं डोळे आणून उन्हाच्या दिशेनें पाहिलें. लाट होती. तीन उंचवटे, मध्यें सखल पन्हळी, आणि पायरी एकही नाहीं. हात तोच, यंत्र तेंच, गवत तेंच. फिरण्याची तऱ्हा बदलतांच दोषाचें रूप अगोदर वर्तविल्याप्रमाणें बदललें होतें. आम्हीं पुष्कळ प्रयोगशाळा पाहिल्या आहेत, पण ज्या प्रयोगाच्या निकालावर प्रयोग करणाराचेंच घर लागलें आहे असा दुसरा पाहिलेला नाहीं.

मग परात सारखी करण्याचें काम निघालें. हें काम गाडी ठेवण्याच्या खोलींत, सिमेंटच्या फरशीवर करावयाचें. किल्ली काढून घेतली, ब्रेक लावला, आणि ठिणगीच्या प्लगची तार सोडवून बाजूला केली, म्हणजे पातें हातानें फिरवितांना यंत्र अवचित सुरू होण्याची भीति नाहीं. जाड हातमोजे घातले. आम्हांस वाटलें होतें कीं आतां पाने निघतील. पण दाजींनीं पहिल्यानें काढला तो चाकांतली हवा मोजण्याचा कांटा. पुढच्या दोन्ही चाकांत चौदा चौदा पौंड हवा होती. पुस्तिकेंत तेवढीच सांगितली आहे. मागचें उजवें चाक दहा पौंड, तेंही बरोबर. मागचें डावें सहा! परात ज्या सांगाड्याला टांगलेली तो सांगाडा चाकांवर उभा; चाकच बसलें असतां परातीचे नट फिरविणें म्हणजे खचलेल्या पायावरच्या भिंतीला गिलाव्यानें सरळ करण्यासारखें आहे. हवा भरण्यापूर्वीं दाजींनीं एकदां माप घेवविलें: दोन बाजूंतला फरक पांच सूत. हवा भरली, पुन्हां मोजलें, तीन सूत. (सुताराचें सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अमेरिकन पट्टीवर ह्याच खुणा असल्यामुळें आमच्या आजोबांचा हा शब्द आम्हांस तेथें फार उपयोगी पडला.) बेचाळीस इंच रुंदीच्या परातींत पांच सूत म्हणजे एका अंशाहूनही कमी कल, पण तेवढ्यानें पाऊण एकर हिरवळीचा घाट झाला होता.

माप घेण्याचें काम आमच्याकडे होतें, कारण दाजींचे गुडघे जमिनीवर निजूं देत नाहींत. येथें एक गोष्ट आम्हांस विशेष वाटली. दाजींपाशीं उत्तम पाणसळ आहे, पितळी पट्ट्यांची. ती त्यांनीं बाहेरसुद्धां काढली नाहीं. फरशी दाराकडे थोडी उतरती आहे, पावसाचें पाणी बाहेर जावें म्हणून. पाणसळ जें सांगते तें पृथ्वीच्या ओढीच्या मानानें सांगते; परंतु गवताला त्याच्याशीं काय करावयाचें आहे? टेकडीच्या उतारावरही गवत सारखें कापलें गेलें पाहिजे. चाकें ज्यावर उभीं आहेत त्या भूमीपासून पातें किती उंच, एवढाच प्रश्न. म्हणून फरशी उतरती असली तरी चालेल, तिला खळगे मात्र नसावेत. आणि मापही परातीच्या कडेपासून घ्यावयाचें नाहीं. कित्येक लोक तसें घेतात, कारण कड डोळ्यासमोर असते आणि पात्यासाठीं वांकावें लागतें. पण पत्रा बारा वर्षें झाडांच्या मुळ्यांवर आपटून चेपलेला. गवत कापतें तें पातें, पत्रा नव्हे. पातीं आडवीं फिरवून डाव्या पात्याचें बाहेरचें टोक आणि उजव्या पात्याचें बाहेरचें टोक, दोहोंपासून फरशीपर्यंत पट्टी लावावयाची. शिवाय दाजींनीं प्रत्येक पातें अर्धें वळवून त्याच जागीं दुसरें टोक आणविलें आणि तेंही मोजविलें. दोन टोकांचीं मापें न जुळलीं तर पातें वांकलेलें किंवा त्याचा आंस वांकलेला, आणि मग परातीला दोष देण्यांत अर्थ नाहीं. आमचीं जुळलीं.

डाव्या अंगाच्या कडीचा नट दाजींनीं स्वतः फिरविला. पेला धरतांना कांपणारीं त्यांचीं बोटें पाना धरतांना कांपलीं नाहींत. असें कां होतें तें वैद्य जाणोत. आम्ही पाहिलें तें सांगतों. पाव फेरा दिला कीं ते थांबत आणि आम्ही पट्टी लावून आंकडा सांगत असूं. अक्का विजेरी धरून उभी होती. दोन्हीकडे बरोबर तीन इंच झाले तेव्हां तिनें विजेरी विझविली, पण दाजी म्हणाले, "अजून अर्धें काम आहे."

तें अर्धें काम पुढच्यामागच्या मापाचें. पातीं आतां यंत्राच्या लांबीच्या दिशेनें वळविलीं. येथें आमची अपेक्षा अशी कीं, पुढचें टोक आणि मागचें टोक सारख्या उंचीवर यावें. तसें करावयाचें नसतें. पुढचें टोक मागच्यापेक्षां थोडें खालीं हवें; किती, तें यंत्राच्या कर्त्यावर अवलंबून असतें, साधारणतः एक ते तीन सूत. ह्या यंत्रास दोन सूत सांगितलें आहे. कारण असें: पातें फिरतां फिरतां यंत्र पुढें जात असतें. गवत कापलें जातें तें पुढच्या अंगास. मागचें टोकही तितकेंच खालीं असेल तर तें कापलेल्याच गवताला पुन्हां घासत जाईल. इंजिनावर भार वाढेल आणि गवताचे शेंडे फाटून पिवळे पडतील. थोडा कल ठेवला म्हणजे मागचें टोक अलगद वरून निघून जातें. उलट, कल फार झाला तर पुढची कड जमीन खरवडते. तेव्हां बाजूबाजूंस फरक शून्य हवा आणि पुढेंमागें मोजून दोन सूत हवा. एकाच परातीला हे दोन निरनिराळे न्याय! "रस्त्याचेंही असेंच आहे," दाजी म्हणाले. "लांबीला आम्ही चढउतार मोजून देत असूं, आणि रुंदीला मधून कडेकडे उतार ठेवीत असूं, पाणी निघून जावें म्हणून. सपाट रस्ता मीं आयुष्यांत एकही बांधला नाहीं."

पुढचा दांडा आंवळतांच बाजूंच्या मापांत अर्ध्या सुताचा फरक पडला, म्हणून बाजू पुन्हां मोजल्या, मग पुन्हां पुढेंमागें. अशा तीन आवर्तनांनंतर आंकडे स्थिरावले. शेवटीं परातीच्या कडेचीं लहान चाकें. हीं जमिनीवर टेकत असावींत असा समज होतो. वस्तुतः तीं अर्धा इंच अधांतरीं ठेवावयाचीं. परातीचा भार वाहणें हें त्यांचें काम नाहीं. एखादा उंचवटा आला म्हणजे परात त्यावर बसून गवताची चामडी सोलूं नये, एवढ्यापुरतीं तीं आहेत.

पुढच्या शनिवारीं हिरवळ कापली, तरी जुन्या पायऱ्यांच्या खुणा अंधुक राहिल्याच. ठेंगणें राहिलेलें गवत वाढण्यास अवधि लागतो. त्याच्या पुढल्या शनिवारीं मात्र एक खूणही नव्हती. अक्कानें संध्याकाळच्या उन्हांत छायाचित्र घेऊन मुलाला पाठविलें. त्याचें उत्तर लगेच आलें: पायऱ्या गेल्या हें छान झालें, बाबांना शाबासकी सांग, पण जानेवारींत बर्फ कोण उपसणार? आमच्या मतें हा प्रश्न रास्त होता, आणि पहिल्यापेक्षां पुष्कळ प्रामाणिकही. दाजींनीं तो दोनदां वाचला आणि फोन अक्काकडे परत दिला.

जुलैंत आम्ही परत निघालों तेव्हां मागच्या डाव्या चाकांतली हवा पुन्हां आठ पौंडांवर आली होती. वाल्व गळत होता, तो बदलावयाचा होता. दिवाळीच्या सुमारास अक्काचा फोन आला. भाचा येऊन गेला होता. घराचा विषय निघाला आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तहकूब झाला. बर्फ काढण्यास माणूस ठेवण्याचें दाजींनीं कबूल केलें आहे. चाकाचा वाल्व बदलून झाला आहे. दोन्ही पातीं काढून धारेस दिलीं आहेत, आणि परातीचीं चारही मापें गाडीच्या खोलींत भिंतीवर पेन्सिलीनें तारखेसह लिहून ठेवलीं आहेत. पुढच्या वर्षीं आपल्याला जमिनीवर निजतां आलें नाहीं तर पट्टी मुलाच्या हातीं द्यावयाची, असें ते अक्काला म्हणाले.